शिकाऊ उमेदवार घेण्याआधी: अनुदान किती, खर्च किती

लहान कारखान्यात माणूस शिकवण्याचा खर्च हिशेबाच्या वहीत कुठेच लिहिलेला नसतो. नवा मुलगा मशिनवर उभा राहतो, पहिल्या महिन्यात टूल तोडतो, जॉब रिजेक्ट होतात, जुना ऑपरेटर त्याच्यामागे उभा राहून स्वतःचं काम मागे पाडतो. हे सगळं स्क्रॅप, ओव्हरटाइम आणि उशिरा गेलेल्या मालाच्या नावावर खपून जातं. वर्षभराने तोच मुलगा शेजारच्या प्लॉटवर दीड-दोन हजार जास्त मिळतात म्हणून निघून जातो. मग मालक ठरवतो, आता शिकवायच्या भानगडीत पडायचं नाही, तयार माणूसच आणायचा. शिरोलीपासून सातपूरपर्यंत आणि चाकणपासून वाळूजपर्यंत सगळ्यांनी हेच ठरवलं, तर तयार माणूस येणार कुठून?

या खर्चातला काही वाटा सरकार उचलतं, हे बहुतेक उद्योजकांनी ऐकलेलं असतं. पण ऐकीव माहितीत दोन टोकं असतात. एक म्हणतो, ‘सगळा पगार सरकार देतं.’ दुसरा म्हणतो, ‘कागदं रंगवून हातात काही पडत नाही.’ दोघांचंही खरं नाही. रक्कम ठरलेली आहे, मर्यादा ठरलेली आहे, आणि ती मिळते कोणाला हेही ठरलेलं आहे. अर्ज करण्याआधी या गोष्टी नीट समजून घेतल्या तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण अनेकांच्या बाबतीत शिकाऊ उमेदवार घेणं ऐच्छिक नाहीच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये नियम आणखी बदलले. आजच्या घडीला ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं काम करतात, तिने एकूण संख्येच्या किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. वरची मर्यादा १५ टक्के. ४ ते २९ माणसं असतील तर घ्यायचे की नाही हे मालकाच्या मर्जीवर. या संख्येत कंत्राटी कामगार धरले जातात, आणि नेमकं इथेच अनेकांचं गणित चुकतं. मस्टरवर २२ कामगार आणि ठेकेदाराकडून आलेले १५, म्हणजे तुमची संख्या ३७ झाली. ‘आम्ही तिसाच्या आत आहोत’ हे सांगणं तिथे चालत नाही.

बंधन असूनही उमेदवार घेतले नाहीत, तर कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि त्यानंतर दरमहा १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. रक्कम पाहून कोणी घाबरणार नाही, हे मान्य. पण मोठ्या कंपन्या आपल्या व्हेंडरचं ऑडिट करताना हल्ली या कायद्याचं पालन झालंय का हे विचारतात. तेव्हा तो शेरा दंडापेक्षा महाग पडतो.

आता पैशांकडे वळू. केंद्र सरकारच्या दोन योजना आहेत आणि त्यांची नावं इतकी सारखी आहेत की कन्सल्टंटसुद्धा बोलता बोलता घोळ घालतात. पहिली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे ‘नॅप्स’. ती ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली आणि कौशल्य विकास मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. दुसरी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना, म्हणजे ‘नॅट्स’. ती शिक्षण मंत्रालय चालवतं. ढोबळमानाने आयटीआय, दहावी, बारावी झालेली मुलं पहिल्या दारातून येतात आणि पदविका किंवा पदवी घेतलेली दुसऱ्या. नॅट्समध्ये फक्त इंजिनिअर येतात असा एक समज आहे. बीकॉम, बीए, बीएस्सी झालेल्यांनाही ती योजना खुली आहे. हिशेबाला, स्टोअर्सला, डिस्पॅचला माणूस तयार करायचा असेल तर हे लक्षात ठेवा.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे ठरवून दिले: पाचवी ते नववी झालेल्याला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये महिना. प्रशिक्षण एका वर्षापेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. हा किमान दर आहे, याहून जास्त द्यायला कोणी अडवत नाही. पुण्याच्या आसपास खोलीभाडं आणि मेसचे पैसे भरून ७,००० रुपयांत मुलगा राहील अशी अपेक्षा कोणी ठेवत असेल, तर त्याने एकदा भोसरीत खोली शोधून पाहावी.

नॅप्समध्ये सरकार किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के देतं, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. म्हणजे दहावी झालेल्या मुलाच्या ६,००० पैकी बरोबर १,५०० सरकारचे. आयटीआय झालेल्याच्या ७,००० चे २५ टक्के १,७५० होतात, तरी मिळणार १,५००च. उरलेले ५,५०० तुमचे. नॅट्समध्ये सरकारचा वाटा किमान विद्यावेतनाच्या निम्मा आहे. पदविकाधारकासाठी ४,००० आणि पदवीधरासाठी ४,५००. या दोन ओळी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गंमत दिसते. किमान दराने पाहिलं तर पदविका झालेला मुलगा मालकाला ४,००० रुपयांत पडतो आणि आयटीआय झालेला ५,५०० रुपयांत. जास्त शिकलेला स्वस्त. म्हणून काही ठिकाणी मशिनवर फिटर हवा असताना डिप्लोमावाला आणून उभा केला जातो. तो तीन महिन्यांत कंटाळतो, सहाव्या महिन्यात दिसेनासा होतो. अनुदान पाहून माणूस निवडला की असं होतं. काम पाहून माणूस निवडा आणि मग त्याला कुठली योजना लागू होते ते बघा.

मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० रुपयांच्या पट्ट्यात नेण्याची शिफारस केली. करार करताना लागू असलेला दर योजनेच्या पोर्टलवर पाहून घ्या. नॅप्सच्या बाबतीत एक हिशेब मात्र आत्ताच करता येतो. विद्यावेतन वाढलं आणि १,५०० ची मर्यादा तिथेच राहिली, तर वाढलेला जवळजवळ सगळा भार मालकावर येतो. शिवाय नॅप्सच्या या आखणीला मंजुरी मार्च २०२६ पर्यंतचीच होती. अशा योजना पुढे चालू ठेवण्याचा सरकारचा कल असतो, पण टक्केवारी आणि मर्यादा प्रत्येक वेळी बदलू शकते. सांगायचं ते इतकंच, की वर्षाचं बजेट बांधताना सरकारी वाटा शून्य धरून गणित जमतंय का ते पाहा. जमत असेल तर उमेदवार घ्या, आणि अनुदान येईल ते वरकड समजा.

हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, हेही अनेकांना उशिरा कळतं. सुरुवातीच्या काळात मालक पूर्ण विद्यावेतन द्यायचा, मग दावा दाखल करायचा आणि परताव्याची वाट पाहत बसायचा. ऑगस्ट २०२३ पासून नॅप्समध्ये सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. नॅट्सनेही २०२४ च्या नव्या पोर्टलपासून तोच मार्ग धरला. मालकाने फक्त आपला वाटा द्यायचा. वाट पाहण्याचा ताप गेला, पण त्याच्या जागी दुसरा आला. मुलाचं खातं आधारशी जोडलेलं नसेल, किंवा आधार भलत्याच जुन्या खात्याला जोडलेलं असेल, तर पैसे अडकतात आणि मुलगा येऊन विचारतो तुम्हालाच. कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, नंतर विसरून गेलेलं एखादं खातं बहुतेक मुलांकडे असतं, आणि पैसे नेमके तिथे जाऊन पडतात. म्हणून करार करण्याआधी उमेदवाराला त्याच्या बँकेत पाठवा आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय याची खात्री करून घ्या. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतंय का, हेही त्याच दिवशी तपासा. एका अक्षराचा फरक असला तरी पोर्टल पुढे सरकत नाही.

कागदपत्रांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आस्थापनेची पोर्टलवर नोंदणी, मग कुठल्या कामासाठी किती जागा आहेत याची नोंद, मग उमेदवाराची निवड, मग करार, आणि करार मंजूर झाल्यावर प्रशिक्षण सुरू. आपल्याकडे मुलगा सोमवारी कामाला येतो आणि कागद ‘बघू सावकाश’ म्हणून महिनाभर पडून राहतात. त्या महिन्यात तो कायद्याने शिकाऊ उमेदवार नसतो. त्या काळाचं अनुदान तर जातंच, पण उद्या पीएफ किंवा ईएसआयसीचा अधिकारी आला तर नोंदणी नसलेला ‘ट्रेनी’ त्याच्या दृष्टीने साधा कामगार असतो आणि वर्गणीची मागणी निघते. कायद्यानुसार नोंदवलेल्या शिकाऊ उमेदवाराला पीएफ आणि ईएसआयसी लागू होत नाही. ही सवलत अनुदानाइतकीच मोलाची आहे, आणि ती नोंदणीकृत करारावर उभी आहे.

कुठला अभ्यासक्रम निवडायचा? फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर हे सरकारने ठरवून दिलेले व्यवसाय आहेत. त्यांचा अभ्यासक्रम तयार आहे आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा असते. याशिवाय ऐच्छिक व्यवसाय हा दुसरा प्रकार आहे. त्यात मालक आपल्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम ठरवू शकतो किंवा त्या क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने तयार केलेला घेऊ शकतो. मुदत सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. हॉटेल, दुकानं, गोदामं, हॉस्पिटल यांच्यासाठी हाच मार्ग सोयीचा. शिकाऊ उमेदवार म्हटलं की फक्त कारखाना डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात महाबळेश्वरचं हॉटेल किंवा सांगलीचं हळदीचं गोदामही या कायद्याच्या कक्षेत येतं.

पहिल्यांदाच हे करणार असाल तर आयटीआय झालेला मुलगा घ्या. कोणतंही प्रशिक्षण न घेतलेल्या दहावी पास मुलाला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावं लागतं आणि त्याची सोय लहान कारखान्यात नसते. आयटीआयवाल्याला त्यातून सूट आहे. त्याने व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात धरलेला असतो, ड्रॉइंगवरची रेघ त्याला परकी नसते. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना एकदा भेटून या. कुठल्या निदेशकाची मुलं हाताने चांगली आहेत, हे पोर्टल तुम्हाला कधीच सांगणार नाही. ते सांगतील.

आता ज्या खर्चाबद्दल कुठल्याच योजनेच्या पत्रकात अवाक्षर नसतं त्याकडे येऊ. शिकवणाऱ्याचा वेळ. समजा तुमच्याकडे २८,००० रुपये पगाराचा एक जुना सेटर आहे. पहिले तीन महिने त्याचा पाव वेळ नव्या मुलाला शिकवण्यात गेला, तर महिन्याला ७,००० याप्रमाणे २१,००० रुपयांचा वेळ गेला. एका उमेदवारामागे वर्षभरात सरकार देणार १८,०००. म्हणजे सरकारी वाटा सेटरच्या वेळेलाही पुरत नाही, स्क्रॅप आणि तुटलेली टूल्स वेगळीच. पण तोच सेटर, तेवढ्याच वेळात, तीन मुलांना एकत्र शिकवू शकतो. मशिन उघडून दाखवायचं ते एकदाच. तेव्हा सरकारी वाटा होतो ५४,००० आणि सेटरच्या वेळेचा खर्च मात्र फारसा वाढत नाही. एकेक मुलगा वर्षभर तुरळक घेत राहण्यापेक्षा दोन-तीन मुलं एकदम, एकाच महिन्यात घेणं परवडतं. मुलांनाही सोबत होते आणि गळती कमी होते. मोठ्या कंपन्या तुकड्या घेतात त्यामागे हेच गणित आहे. तुमची संख्या ३७ असेल तर १५ टक्क्यांच्या मर्यादेत पाच उमेदवार बसतात, तेव्हा तिघांना कायद्याची आडकाठी नाही.

आणि त्या सेटरला काय? त्याला वाटतं, हा मुलगा तयार झाला की माझी किंमत कमी होणार. उघड कोणी बोलत नाही, पण सेटिंगचा महत्त्वाचा भाग मुलगा चहाला गेला असतानाच उरकला जातो. शिकवण्यासाठी त्याला महिन्याला हजार-दीड हजार भत्ता जाहीरपणे द्या आणि तो मुलगा परीक्षा पास झाला तर वर काही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला खर्च हाच आहे.

काही गोष्टी कायद्याने स्पष्ट बंद केल्या आहेत. शिकाऊ उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादन बोनसच्या योजनेतही ओढता येत नाही. प्रशिक्षणार्थी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही, आणि ती मंजुरी प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच मिळते. महिन्याचं विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत दिलंच पाहिजे. वयाची अट किमान १४, धोकादायक उद्योगात १८. सुरक्षा, आरोग्य आणि सोयी यांच्या तरतुदी त्याला इतरांप्रमाणेच लागू आहेत, आणि प्रशिक्षणात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाची. ईएसआयसीचं छत्र त्याच्यावर नाही, हे विसरू नका. पहिल्या दिवसापासून अपघात विम्याची गट पॉलिसी काढा. वर्षाचा हप्ता फार नसतो, आणि प्रेस शॉपमध्ये बोट गेलं तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या चुकीमुळे करार मोडला, तर शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतकी भरपाई द्यावी लागते. ऑर्डर कमी झाली म्हणून मुलांना मधेच घरी पाठवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

योजनेच्या हेतूत न बसणाऱ्या गोष्टी सर्रास चालतात, हेही खरं. शिकाऊ उमेदवार म्हणून आणलेला मुलगा वर्षभर पॅकिंगला बसवायचा, ट्रॉली ओढायला लावायचं आणि शेवटी हातात प्रमाणपत्र द्यायचं. कामगार संघटनांचा या योजनांवर जो राग आहे तो यामुळेच, आणि तो अवाजवी नाही. अशा मालकाला स्वस्तात हेल्पर मिळतो, पण वर्षाच्या शेवटी त्याच्याकडे कारागीर नसतो. पुढच्या वर्षी त्याच आयटीआयमधून मुलं यायला तयार होत नाहीत. गावात बातमी फिरायला व्हॉट्सअॅपचा एक ग्रुप पुरतो.

केंद्राच्या या योजनांखेरीज राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही गाजली. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ती सुरू झाली आणि ‘लाडका भाऊ’ या नावाने ओळखली गेली. तिच्यात बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना राज्य सरकार थेट देणार होतं, मालकावर विद्यावेतनाचा भार नाही. मुदत आधी सहा महिने होती, मार्च २०२५ मध्ये ती ११ महिने झाली. खासगी उद्योगांनाही ती खुली होती, पण अनेक प्रशिक्षणार्थी सरकारी कार्यालयांत बसले आणि मुदत संपल्यावर कायम करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. मालकाचा एक पैसा लागत नाही तेव्हा मुलाला शिकवण्याची निकडही वाटत नाही, हे त्यातून दिसलं. या योजनेत किंवा तिच्या जागी आलेल्या एखाद्या योजनेत भाग घ्यायचा असेल, तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन चालू शासन निर्णयाची प्रत मागा. भाषणावर किंवा फॉरवर्ड झालेल्या चित्रावर विसंबू नका.

एव्हाना काही वाचक म्हणत असतील, हे सगळं नव्या मुलांचं झालं. माझ्याकडे पंधरा वर्षं काम करणारे लोक आहेत, त्यांना सीएनसी शिकवायचंय, त्याला काही मिळतं का? नॅप्स किंवा नॅट्समधून नाही. कंपन्यांना कौशल्य प्रशिक्षणाच्या खर्चावर आयकरात १५० टक्के वजावट मिळायची, तीही एप्रिल २०२० पासून १०० टक्क्यांवर आली. जुने सीए कधी कधी अजून तिचा उल्लेख करतात, तिकडे लक्ष देऊ नका. जुन्या कामगारांसाठी जे आहे ते वेगळ्या नावांखाली आहे. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीच्या वस्त्रोद्योगासाठी केंद्राची ‘समर्थ’ योजना आहे. तिच्यात नव्यांच्या प्रशिक्षणाबरोबर कामावर असलेल्यांचं कौशल्य वाढवण्याचीही सोय आहे. लघुउद्योगांसाठी ‘लीन’ योजनेत कारखान्यात येऊन पद्धत बसवून देणाऱ्या सल्लागाराच्या खर्चाचे ९० टक्के केंद्र सरकार देतं. तिचं नाव प्रशिक्षण नाही, पण सल्लागार शॉप फ्लोअरवर उभा राहून तुमच्या माणसांना वाया जाणारा वेळ आणि माल ओळखायला शिकवतो, मग ते प्रशिक्षणच झालं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी, टूल डिझाइन यांचे छोटे अभ्यासक्रम चालतात. आणि वर्षानुवर्षं काम करूनही हातात कागद नसलेल्या कारागिरासाठी, येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आहे. पन्नाशीच्या वेल्डरला त्याचा काय उपयोग, असं वाटेल. निर्यातीच्या ऑर्डरसाठी ग्राहक प्रमाणित वेल्डरची यादी मागतो तेव्हा कळतं.

प्रशिक्षण संपल्यावर मुलाला नोकरी देण्याचं बंधन नाही. कायदा फक्त इतकंच सांगतो, की त्यांना घेण्याबाबत तुमचं धोरण ठरलेलं असावं. पण वर्षभर खर्च करून तयार केलेला मुलगा सोडून द्यायचा म्हणजे शेजारच्या प्लॉटला भेट दिली. इथे दुसरी एक योजना उपयोगी पडते. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नव्या नोकऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. पीएफसाठी धरलेला पगार १०,००० ते २०,००० च्या दरम्यान असेल तर मालकाला दरमहा २,००० रुपये, आणि २०,००० च्या वर एक लाखापर्यंत असेल तर ३,०००. साधारणपणे दोन वर्षं, उत्पादन क्षेत्रात चार वर्षं. अट अशी, की ५० पेक्षा कमी कामगार असतील तर किमान दोन आणि ५० किंवा जास्त असतील तर किमान पाच माणसं आधीच्या संख्येपेक्षा जास्त घ्यायची आणि किमान सहा महिने टिकवायची. म्हणजे इथेही एकापेक्षा दोघं. तिघांना शिकवून त्यातल्या दोघांना १८,००० वर कायम केलं, तर उत्पादन क्षेत्रातल्या लहान कारखान्याला दोघांचे मिळून वर्षाला ४८,००० येतात, तेही थेट मालकाकडे. माणशी पाहिलं तर नॅप्समध्ये मिळतं त्यापेक्षा हे जास्त आहे. दोन्ही योजना एकामागून एक जोडून पाहणारे उद्योजक मला अजून फार भेटले नाहीत.

मदत कुठे मिळेल? नॅप्ससाठी तुमच्या जिल्ह्यातलं मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र. ते बहुधा सरकारी आयटीआयच्या आवारात असतं, आणि सहायक प्रशिक्षणार्थी सल्लागार तिथे बसतात. पोर्टलवर अडकलेला करार त्यांच्या टेबलावर दहा मिनिटांत सुटू शकतो. नॅट्ससाठी मुंबईत शीवला शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्याच्याच अखत्यारीत येतात, त्यामुळे वेर्ण्याच्या उद्योजकालाही तेच कार्यालय.

नोंदणीपासून हजेरीपर्यंत सगळं करून देणाऱ्या मध्यस्थ संस्था असतात, आणि कायद्याला त्या मान्य आहेत. मनुष्यबळ विभाग नसलेल्या कारखान्याला त्यांची मदत होते. पण मुलगा कारखान्यात आला नाही तरी हजेरी लावून देतो म्हणणारा कोणी आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. हजेरीपट, विद्यावेतनाच्या बँक नोंदी आणि मुलगा काय काय शिकला याची वही, ही तीन कागदपत्रं तुमच्याकडे, तुमच्या कपाटात असली पाहिजेत. तपासणी झाली तर मध्यस्थ फोन उचलत नाही.

एवढं वाचून निर्णय कसा घ्यायचा? तुमची संख्या ३० किंवा जास्त असेल तर प्रश्नच नाही, उमेदवार घ्यावेच लागतील, मग ते नीट घ्या. त्याखाली असेल तर स्वतःला एकच विचारा: माझ्याकडे रोज तासभर शिकवायला तयार असलेला एक माणूस आहे का? नसेल तर १,५०० रुपयांसाठी या फंदात पडू नका. असेल, तर यंदा आयटीआयचे निकाल लागले की दोन मुलं घ्या, एकाच महिन्यात घ्या, आणि करार मंजूर झाल्याशिवाय त्यांना मशिनजवळ उभं करू नका.